सरळ रेषेतलं अंतर

बाबा, तुम्ही जाऊन आता बावीस वर्षं होतील. मी जबलपूरलाच आहे, आपल्याच घरात. स्वयंपाकघराच्या त्या खिडकीशी बसले आहे, जिथे सुट्टीच्या दिवशी तुम्ही मटार सोलायचात आणि मी तुमच्यासमोर उभी राहून वादविवाद स्पर्धेचं भाषण म्हणून दाखवायची. जवळच्या पनागर गावचा मटार आला की घरभर सालं असायची. माझा आवाज फारच चढला की मान वर न करता म्हणायचात, "हळू वं माय, शेजारच्यांनी काय बिघडवलं आपलं?" मी चिडायची. बक्षीस घेऊन आले की मात्र त्याच शेजारच्यांना बोलावून दाखवणारेही तुम्हीच.

तुम्ही कारखान्यात तपासणीवर होतात. सुटे भाग गेजने, म्हणजे मापाच्या साधनाने, तपासायचे आणि बरोबर असतील तर त्यांवर स्वतःच्या नंबरचा ठप्पा मारायचा. मी नववीत असताना एका सकाळी तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात. आदल्या दिवशी प्रत्येक भागात गेज जरा जास्तच सहज जात होतं, हे तुम्हाला घास तोंडात असताना आठवलं. म्हणजे ते झिजलेलं होतं आणि चुकीच्या मापाचे भागही पास झाले होते. कोणी काही विचारलं नव्हतं, पेट्या पुढच्या विभागात गेल्याही होत्या. तुम्ही सरळ फोरमनकडे गेलात आणि माझ्या ठप्प्याचा कालचा सगळा माल परत काढा म्हणालात. त्या वर्षी तुमची बढती अडली. आई आठवडाभर भांडी आपटत होती. सांगितलं नसतं तर कोणाले समजून राहिलं होतं, असं तिने विचारलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "मले समजलं होतं ना." आणि रविवारी मला सदर बाजारात नेऊन खव्याची जिलबी खाऊ घातलीत, जशी काही बढती मिळालीच होती.

पुढे मी हाताला लागेल ते वाचलं आणि अर्थशास्त्र शिकले, कारण मला राग यायचा. तो अजून येतो. उपाशी माणसाबद्दल थंडपणे बोलणाऱ्यांचा येतो. जी संस्था देशोदेशींच्या सरकारांना धोरणं सुचवते, तिथे मी विभागप्रमुख झाले. मंत्र्यांच्या तोंडावर मी सांगते की तुमच्या तक्त्यातली एकेक ओळ म्हणजे कोणाची तरी चूल आहे. आणि त्याच मी एका डोंगराळ देशाला सल्ला दिला, की खेड्यांतली छोटी रेशन दुकानं बंद करा आणि रस्त्यालगत मोठी उघडा, म्हणजे धान्य संपणार नाही, चोरी होणार नाही. नव्या दुकानापासून कोणतंच घर लांब पडत नव्हतं. नकाशावर. आम्ही अंतर मोजलं होतं सरळ रेषेत, आणि मधे डोंगर होते. काही वर्षांनी मी तिथे गेले तेव्हा पाठीवर पोर बांधलेल्या एका बाईने दुभाष्याला विचारलं, की हे लोक उडत येतात का? बरोबरचे हसले. मीही हसले. पण मला त्याच क्षणी समजलं होतं, बाबा. कोणालाही गप्प बसू न देणारी मी, त्यानंतर दोन वर्षं गप्प बसले. त्याच दिवसांत संस्थेच्या सर्वोच्च पदासाठी माझं नाव घेतलं जाऊ लागलं होतं.

या वर्षीच्या मोठ्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले की तो सल्ला माझा होता, तो चुकीचा होता, ती दुकानं परत उघडा. पद हातचं जाईल असं सहकाऱ्यांनी बजावलं होतं. झालं उलटंच. सगळं सभागृह उभं राहिलं आणि महिन्याभरात पद मला मिळालं. दुकानं उघडू लागली आहेत, याचा आनंद मात्र खराखुरा आहे.

काल इथे माझा सत्कार झाला. तुमच्यासोबत तपासणीवर असलेले काका काठी टेकत मंचावर आले. त्यांनी तुमच्या झिजलेल्या गेजची गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बिटिया बिल्कुल अपने बाप पर गई है. किसी ने पूछा नहीं, खुद जाके बोल दिया." मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

बैठकीच्या चार दिवस आधी त्या देशातल्या एका तरुण संशोधक मुलीने मला तिचा लेख पाठवला होता. त्या सगळ्या वाटा ती स्वतः पायी चालली होती. कुठे किती तास लागतात, वाटेत पाणी कुठे आहे, बायका पाठीवरची पोरं कुठे खाली टेकवतात, सगळं तिने लिहिलं होतं. चूक कोणाची तेही लिहिलं होतं, पण कडवटपणा न ठेवता. छापण्याआधी तुमचं मत कळलं तर बरं होईल, असं फार आदराने विचारलं होतं. तो लेख आला नसता तर मी उभी राहिले असते का, मला माहीत नाही. बैठकीत मी त्यातलं बरंच सांगितलं, तिचा उल्लेख मात्र केला नाही. तिला अजून उत्तरही दिलेलं नाही.

आज सकाळी खरं तर मी तिलाच पत्र लिहायला बसले होते. तुम्हाला लिहिणं सोपं पडलं.