मांडीखाली दाबलेले हात

बाई, मी हातांनी बोलते. दर रविवारी संध्याकाळी, चारचौघांत, ट्यूबलाइटच्या उजेडात दोन-दोन तास बोलते. तुम्ही हयात असताना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. लक्ष्मी रोडला तुम्ही भेटलात की मी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचे, हात चुकून सुटायला नकोत म्हणून, आणि 'बरी आहे बाई' म्हणायचे. माझ्या तब्येतीशी तुम्हाला काही देणंघेणं नसायचं, तुम्ही शाळेत शिकवलेला माझा 'ब' तपासायचात. चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी बाई मी, आणि भर रस्त्यात माझी हनुवटी धरून तुम्ही सांगितलं होतंत की ओठ नीट मिटायचे. मी मुकाट्यानं पुन्हा म्हणून दाखवलं. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले. आता मी कोणाला भीत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचा क्लब कसबा पेठेत एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरतो. सगळे ठार बहिरे. पगारी माणूस एकही नाही. किल्ली एक निवृत्त फिटर आणतात, आधी येईल तो खुर्च्या मांडतो, चहा पाळीपाळीनं. खुर्च्या गोलात लागतात, कारण ओळीत बसलं तर पुढच्याच्या पाठीशी काय बोलणार? कोणाला सगळ्यांचं लक्ष हवं असलं तर तो दिव्याचं बटण दोनदा खालीवर करतो. चहाचे कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, कप हातात असेल तर माणूस मुका होतो. आणि निघायची वेळ झाली की निघत कोणीच नाही. खाली येऊन रस्त्यावरच्या दिव्याखाली पुन्हा उभे राहतो, कारण अंधारात आमचं बोलणं दिसत नाही. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात पाटी लावली आहे: 'आपणांस ऐकू येत नसले तरी आम्हांस येते. खुर्च्या ओढू नयेत, उचलाव्यात.' पाटी वाचून आम्ही इतके हसलो की त्या हसण्याचाही त्यांना त्रास झाला असणार. तुम्ही याला डबकं म्हणायचात. बहिऱ्यांनी बहिऱ्यांत बसू नये, ऐकणाऱ्यांच्या जगात मिसळावं, डबक्यात राहिलं की बेडूक होतो.

मिसळून पाहिलं मी, बाई. छापखान्यातल्या बांधणी खात्यातून निवृत्त झाल्यावर मी अगदी तुमच्या शब्दाप्रमाणे वागले. सोसायटीच्या महिला मंडळात गेले, बागेतल्या हास्यक्लबात गेले, टेकडीवर झाडांना पाणी घालणाऱ्यांबरोबर गेले, पुस्तकांवर चर्चा करणाऱ्या एका गटात गेले. माणसं सगळीकडे चांगली. मला पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि मग एकमेकांशी बोलायला लागायची. सगळे हसले की मी शेजारणीला विचारायचे, काय झालं? ती म्हणायची, नंतर सांगते. हे 'नंतर' माझ्या आयुष्यात अजून आलेलं नाही. पुस्तकवाल्या गटासाठी मी पुस्तक दोनदा वाचून काय बोलायचं ते कागदावर उतरवून नेलं होतं. माझी पाळी आली तेव्हा विषय कुठल्या डेअरीचं दही चांगलं इथवर पोचला होता, आणि मी पुस्तकातल्या विधवेबद्दल बोलले. कोणी हसलं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मला जेवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं तेवढं तुमच्या पट्टीनंही कधी झालं नव्हतं. फक्त हास्यक्लबात माझं छान जमलं, कारण तिथे कोणी काही बोलतच नाही.

तुम्ही वाईट नव्हतात. वाईट असतात तर सोपं होतं, दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घ्यायचात, माझा हात तुमच्या गळ्यावर ठेवायचात, आणि तुमच्या आतली थरथर माझ्या बोटांत यायची. अजून येते. पण तुम्ही आईला घरी बोलावून बजावलंत की घरात खुणा बंद, तोंडानं मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. मग आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी तेच. आई तव्यावरची पोळी चिमट्यात धरून उभी. मी बोटानं पोळी दाखवते, ती मान हलवते, नाही, आणि ओठ पुढे काढून शब्द म्हणून दाखवते. मी घशातून काहीतरी काढते, ते चुकतं, ती पुन्हा म्हणते. पोळी गार होते. तिचे डोळे भरतात, तरी ती पोळी देत नाही, कारण बाईंनी सांगितलंय. मला 'पोळी' म्हणता येईपर्यंत पावसाळा संपून थंडी सुरू झाली होती.

आता एक दिवस सांगते, जो तुम्हाला आठवायचं कारण नाही. माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यावर दिवाणजी होते. मी सहा वर्षांची असताना ते सकाळी सायकलवर गेले आणि मला दुपारी मावशीकडे येरवड्याला नेऊन ठेवलं. परत आणलं तेव्हा भिंतीवर त्यांचा मोठा फोटो होता आणि त्याला हार होता. मला वाटलं, फोटो चांगला आलाय म्हणून लावला असेल. आई मला जवळ घेऊन ओठ हलवायची, पण ओठांवरून मला तेव्हा काहीच उमगत नव्हतं. संध्याकाळी मी बोळाच्या तोंडाशी सायकलची वाट बघत उभी राहायचे. आई मला ओढून आत न्यायची आणि रडायची, आणि मला वाटायचं, मी बोळात उभी राहते म्हणून ती रडते. बाई, मी तीन वर्षं उभी राहिले. मग तुमच्या शाळेत, डब्याच्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे वरच्या वर्गातली एक दोन वेण्यांची मुलगी मला घरचं विचारत होती. खुणा आम्ही तिथेच शिकायचो, तुमची पाठ वळली की. मी तिला सांगितलं, आई आहे, वडील गेलेत ते अजून आलेले नाहीत, घरी नुसता फोटो आहे. तिनं विचारलं, फोटोला हार आहे का? मी म्हटलं, आहे. मग तिनं हातांनी मला सांगितलं. मिशी, डोळे मिटलेले, आडवं झोपलेलं माणूस, वर आकाशाकडे बोट. आणि मग नाही, येणार नाहीत, कधीच नाही. तिचे आजोबाही तसेच गेले होते, तेही सांगितलं. मला सगळं कळलं, तेवढ्यात.

आणि तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्हाला फक्त चार हात हलताना दिसले. तुम्ही आम्हाला दोघींना वर्गात नेऊन बाकावर बसवलंत आणि हात मांडीखाली दाबायला लावलेत, शाळा सुटेपर्यंत. माझे वडील मला त्या दुपारी वारले, बाई, आणि मला डोळे पुसायला हात नव्हता. नाकातून पाणी ओठांवर आलं तेव्हा तुम्ही रुमालानं माझं नाक पुसलंत आणि मायेनं म्हणालात, 'रडायचं नाही, बोलायचं.' एवढं मला ओठांवरून वाचता आलं. तोवर तुम्ही मला तेवढं शिकवलं होतं.

तुमचं आमच्यात एक नाव होतं, ते तुम्हाला कधी कळलं नाही. तुम्ही अंबाड्यात पेन्सिल खोचायचात. डोक्यामागे मूठ धरायची आणि त्यात दुसऱ्या हाताचं बोट खुपसायचं, की झालात तुम्ही. क्लबात अजून आम्ही तुम्हाला याच नावानं बोलावतो. जी भाषा तुम्ही पट्टीनं हाकलली, तिच्यात तुम्ही गेली पन्नास वर्षं सुखानं नांदता आहात, आणि शाळेतल्या पार्टीच्या दिवशी तुम्ही आम्हाला स्वतःच्या हातानं श्रीखंड वाढायचात, तेही त्याच नावानं सांगितलं जातं.

गेल्या रविवारी क्लबात एक तरुण मुलगी तीन वर्षांच्या पोरीला घेऊन आली. तिचे ब्लाउज शिवणाऱ्या आमच्यातल्याच एकीनं तिला पाठवलं होतं. पोरीच्या दोन्ही कानांमागे गुलाबी मशिनं. आई दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसली, आणि पोर मात्र थेट बिस्किटांपाशी. आमच्या फिटरसाहेबांनी एक बिस्किट दिलं आणि विचारलं, आणखी? हातानंच. पोरीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, बिस्किटाकडे पाहिलं, आणि स्वतःचे चिमुकले हात उचलून म्हणाली, आणखी. पहिल्या झटक्यात. सगळा हॉल हसला, तीही हसली, पुन्हा म्हणाली, आणखी, आणखी. तिची आई उठून आली आणि तिनं पोरीचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरून खाली दाबले. रागानं नाही, मायेनंच. मी ते पाहिलं आणि माझ्या मांड्यांखाली आग झाली.

क्लबात मी आवाज काढत नाही, ते माझं व्रत आहे. त्या दिवशी मोडलं. ऐकणारी तिथे ती एकटीच होती. मी तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "तिचे हात सोडा."

ती दचकली. तिनं मला सांगितलं की स्पीच थेरपीच्या मॅडमनी बजावलंय, साइन शिकली तर मुलगी बोलायचा कंटाळा करेल. तिचे ओठ छान वाचता येत होते. मग तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी आलं आणि ती म्हणाली, "पण काकू, तुम्ही किती छान बोलता. मला सगळं कळतंय. माझ्या मुलीला असंच बोलता यायला हवं, म्हणून तर मी..."

घ्या. तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला मी तुमचाच आवाज घेऊन उभी राहिले होते, आणि साक्ष तुमच्या बाजूनं गेली. मला इतका संताप आला की मी खाली बसले. मग तिला मी बोळ सांगितला, सायकल सांगितली, हार घातलेला फोटो सांगितला. तोंडानं इतकं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, घसा सोलून निघाला. शेवटी म्हणाले, "बोलायला शिकवा, खुशाल शिकवा. पण ते येईल तेव्हा येईल. तोपर्यंत हिला कोण काय सांगणार?"

तिच्या मुठी कधी सुटल्या तिलाही कळलं नसावं, पोर केव्हाच पळाली होती. मग ती म्हणाली, "पाळणाघरात सोडते तेव्हा रोज आकांत करते. मी संध्याकाळी परत येते, हे तिला कसं सांगायचं?"

मी दाखवलं. मी जाते. अंधार पडतो. मी येते. तिनं करून पाहिलं, चुकलं, मी तिचं मनगट धरून सरळ केलं. तिनं पोरीला खांद्याला धरून समोर उभं केलं आणि पुन्हा केलं, अगदी सावकाश. पोरीचं तोंड उघडंच राहिलं. ती आईच्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. मग तिनं आईचे हात धरले आणि हलवले, पुन्हा कर म्हणून.

तर बाई, तुम्ही चुकलात. हे मी तुमच्यासमोर उभी राहूनही म्हणेन, दोन्ही हातांनी म्हणेन. फक्त एक गोष्ट आहे. ती मुलगी 'किती छान बोलता' म्हणाली तेव्हा मला संताप आला असं वर लिहिलंय, ते खरंच आहे. पण त्याआधी, अगदी क्षणभर, मला आनंद झाला होता, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बाईंना सांगायला हवं. हे तुम्हाला कळलं तर तुम्ही 'बघ, मी सांगत नव्हते?' म्हणाल. ती संधी मी तुम्हाला देणार नाही, म्हणून हे पत्र पत्ता असता तरी टाकलं नसतं.