तिसऱ्या खोलीतली गोधडी

३ नोव्हेंबर १९५२, सोमवार

वसई रोडला उतरून टांगा केला. टांगेवाल्याने होळीच्या बाजारापाशी थांबून घोड्याला पाणी पाजले आणि मला दोन राजेळी केळी खायला दिली. पाचूबंदर येईपर्यंत मी चक्क गुणगुणत होतो. साताऱ्याच्या कचेरीत दोन वर्षे फायली बांधल्या, त्यापुढे हा वारा म्हणजे चैनच.

धाकटे शेठ शरदचंद्रराव दारात उभे होते. त्यांच्या वडिलांचा इथे मुशी माशाच्या काळजाचे तेल काढायचा कारखाना होता. तो कधीच मोडला, मजुरांच्या पाच खोल्यांची रांग तेवढी उरली आहे. वडिलांनी त्या १९१८ पासून मरेपर्यंत कुलपात ठेवल्या होत्या. आता शेठ तिथे संग्रहालय करताहेत. कष्टकरी माणूस पूर्वी कसा राहत असे, ते मुंबईच्या मंडळींना दिसावे म्हणून. विलायतेत त्यांनी असे काही पाहिले आहे. वस्तूंची यादी करायची, चिठ्ठ्या लिहायच्या, पाहुण्यांना फिरवायचे, हे माझे काम. महिनाअखेरीस उद्‌घाटन आहे. राहायला मला टोकाची मुकादमाची खोली दिली आहे. खिडकीतून होड्या दिसतात. झाडलोटीला रेजिना नावाची कोळीण येते. पंचेचाळिशीची असेल, फार बोलत नाही.

६ नोव्हेंबर

तीन खोल्यांची यादी झाली. आठ फूट बाय दहा, एक चूल, एक कोनाडा, कोनाड्यात क्रूस. शेठांचा नियम एकच: काही धुवायचे नाही, जसे होते तसेच राहू द्यायचे. विचार म्हणून पटते, पण हाताला पटत नाही. उशीवर डोक्याच्या तेलाचा काळा डाग. फणीत अडकलेले केस. भिंतीवर पानाच्या पिंका. सगळ्यावर मासळीच्या तेलाचा एक चिकट थर. चौतीस वर्षांत वाळून जायला हवा होता, पण बोटाला लागतो. दोनदा साबण लावला तरी जेवताना हाताला वास येत होता.

तिसऱ्या खोलीत एक गोधडी आहे. लुगड्यांच्या तुकड्यांची, टाके अगदी बारीक. शेठांना ती फार आवडते. रेजिना त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. बाहेरूनच लांब दांड्याच्या केरसुणीने झाडते.

११ नोव्हेंबर

शेठांच्या ओळखीच्या चार बायका मुंबईहून आल्या. नाकाला अत्तराचे रुमाल लावून सगळे पाहिले. एकीने फणीतला केस चिमटीत धरून दुसरीच्या गालाला लावला आणि दोघी खिदळल्या. मग अंगणातच डबे उघडले. मला किळस आली. त्या खोल्यांची नव्हे, त्या बायकांची.

संध्याकाळी खोल्या बंद करताना तिसऱ्या खोलीतल्या भाताच्या मडक्यात डोकावलो. तळाशी करपलेल्या भाताची खरपुडी आहे, ती यादीत मी ‘वाळलेली’ म्हणून लिहिली होती. आज ती ओली होती. बोट लावले तर तार सुटली.

१४ नोव्हेंबर

गोधडी ओली आहे. मधोमध, माणसाच्या आकाराएवढी. कौले गळत नाहीत, आणि पाऊस संपून महिना झाला. मी ती काठीवर घेऊन उन्हात टाकली. दुपारभर तिच्यातून पिवळे पाणी निथळत होते, माशा चिकटून मरत होत्या. रेजिना लांबून पाहत होती. शेवटी म्हणाली, “सायेब, आत नेऊन ठेवा. ती वालनार नाय.”

का, म्हणून विचारले. तेव्हा तिने सांगितले. १८ सालच्या तापात, ज्याला लोक मानमोडी म्हणत, ही रांग आजारी पडली. रोग कारखान्यात पसरू नये म्हणून थोरल्या शेठांनी पाचही दारांना बाहेरून साखळ्या घातल्या. आठ दिवस. तिसऱ्या खोलीत रेजिनाची थोरली बहीण बेटी होती, नवरा आणि तान्हे मूल घेऊन. रेजिना तेव्हा बारा वर्षांची.

“फटीतून बोट काढून पानी मागत होती. मी तांब्या घेऊन आलेली. तिचं बोट बघलं नि पलाले. तेल नि घान नि... माझी बहीन होती, सायेब, नि मला तिची किलस आली.”

नवव्या दिवशी दारे उघडली, तेव्हा तिघे त्या गोधडीखाली होते. सोडवता येईनात, असे ती म्हणाली. कसे सोडवले ते तिने सांगितले नाही.

१७ नोव्हेंबर

शेठांना सांगितले. त्यांना ठाऊक होते! हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, एकनाथराव, असल्या गोष्टींनी लोकांचे जेवण बिघडते. चिठ्ठी त्यांनी तोंडी सांगितली, मी सुवाच्य अक्षरात लिहिली: ‘येथील कुटुंबे १९१८ साली स्वखुशीने अन्यत्र स्थायिक झाली.’ मी लिहिली. तिसऱ्या दारावर खिळ्याने ठोकलीही. रेजिनाला वाचता येत नाही. तिने काय लिहिले आहे ते विचारले. मी वाचून दाखवले. ती थुंकली, माझ्या पायाशी.

२० नोव्हेंबर

पाण्याला मासळीच्या तेलाची चव. चहालाही. विहीर बदलून पाहिली, तीच चव. सकाळी ओकलो. त्यात लांब केस होता. माझे केस चार बोटेही नाहीत.

२३ नोव्हेंबर

चिठ्ठीवर तेल चढते आहे. पुसले की अर्ध्या तासात पुन्हा. ‘स्वखुशीने’ एवढाच शब्द धुऊन गेला, बाकीचे शब्द जसेच्या तसे.

शेठांना निरोप धाडला की उद्‌घाटन पुढे ढकला. उत्तर आले की वर्तमानपत्राचा छायाचित्रकार ठरला आहे.

निघून जावे असे वाटते. ट्रंक भरली. पण चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे.

२७ नोव्हेंबर

रेजिना आज आत गेली. भर दुपारी, तांब्या घेऊन. मी दारातून पाहिले. ती गोधडीपाशी बसली आणि कडेखाली तांब्या धरला. पाणी पिण्याचा आवाज आला. घटघट — मग चोखल्यासारखा. बाहेर आली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत चकाकत होता. रडत होती.

“प्याली,” म्हणाली. “पन पुरत नाय.”

३० नोव्हेंबर, रविवार, दुपार

लिहिले नाही तर ओरडेन.

पाहुणे वीसेक. भाषण, हार. मी सगळ्यांसमोर म्हणालो की चिठ्ठी खोटी आहे, इथे माणसे कोंडून मारली. शेठ हसले आणि म्हणाले, आमच्या एकनाथरावांना हवा मानवली नाही. लोक हसले. लोक हसले!

मग छायाचित्रासाठी शेठ तिसऱ्या खोलीत गेले. मजूर कसा झोपत असे ते दाखवायला गोधडी खांद्यावरून गुंडाळून घेतली. रेजिना ओरडली, नका. छायाचित्र निघाले.

गोधडी निघेना.

आधी थट्टा वाटली. छायाचित्रकाराने कड ओढली, तर शेठांच्या मानेची कातडी बरोबर आली — ओल्या कागदासारखी. पाहुणे पळाले. एकजण हारांवरच ओकला.

तीन वाजले असावेत

डॉक्टरांना आणायला टांगा गेला आहे. मी उंबऱ्याबाहेर बसलो आहे. शेठ आत जमिनीवर. मला हाका मारताहेत. गोधडीखाली ते एकटे नाहीत — उंचवटे तीन, चार. लहान एक. हलतो.

वास. तोंडात, दातांत.

रेजिना म्हणते, चला, सायेब, सोडा त्याला. मला जाता येत नाही. कसाही असो, माणूस पाणी मागतो आहे.

नंतर

रेजिना पुढे होईना. तांब्या मी घेतला. आत गेलो. कडेखालून जे तोंड आले ते शेठांचे — अर्धे. उरलेले अर्धे —

पाजले. सगळे पाजले. बाहेर आलो.

नंतर

हाका थांबल्या. आता बाईचा आवाज आहे, शेठांच्या घशातून. नाव माझेच घेते.

रेजिना विहिरीवर गेली आहे, पाणी आणायला. मीच पाठवले. उठायला हवे होते, तिच्याबरोबर — उठलो नाही, कारण लिहीत होतो, आणि खाली पाहिले नाही —

गोधडीची कड उंबऱ्याबाहेर आली आहे. पावलावर आहे. ओली. गरम. बारीक टाके, एकेक टाका कातडीत —

रेजिना, येऊ नकोस. तांब्या तिथेच ठेव आणि