खिळ्यांचे टायर

९ ऑक्टोबर

सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठलेलं. खरवडून काढत होतो तेवढ्यात फोन. विल्बर्ट! 'आर्वो, यंदा टायर तपासायला लवकर ये रे. पहिला बर्फ पडला की रांग लागते, तुला ठाऊकच आहे.' जसं काही झालंच नाही! फोन ठेवून दिला.

एल्सी ओट्याशी उभी होती, काठी टेकून. 'कोण होतं?'

'तुझा भाऊ.'

तिने कॉफी ओतली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या काठीचं श्रेय तुझ्या टायरांना, विल्बर्ट. रांग लागते म्हणे!

१० ऑक्टोबर

एकदाचं लिहून टाकतो. कुणाला सांगायला गेलं की सगळे मान हलवतात, आणि विषय मासेमारीवर जातो.

२१ जानेवारी. दुपारचे चार. उणे एकतीस. आदले एकोणीस तास मी वृद्धाश्रमाचे गोठलेले पाइप मोकळे करत होतो. वाफेचं मशीन माझ्या गाडीच्या मागच्या हौद्यात, नळी तळघरात, आणि वर चाळीस म्हातारी माणसं पांघरुणं घेऊन बसलेली. सोडून येणार कसं? शेवटी पाणी आलं तेव्हा एका आजीबाईंनी माझ्या हाताचा मुका घेतला. परतताना एल्सीला स्की क्लबातून घेतलं. पोरांना शिकवून आली होती, गाल लाल, बडबड चालू. स्की हौद्यात टाकल्या आणि निघालो.

मग ते वळण. वळण मला धड आठवतही नाही, इतक्या झटक्यात टायर सुटले. पांढरं पांढरं, मग स्प्रूसची झाडं, मग एल्सीच्या बाजूचं दार आत आलेलं. मला साधं खरचटलंसुद्धा नाही.

तिच्या खुब्यात आता लोखंडी दांडा आहे. सहा वर्षांची असल्यापासून स्कीवर उभी राहणारी बाई. आता अंगणातल्या डाकपेटीपर्यंत जायचं तर मधे एकदा थांबते.

पोलिसांनी कागदावर लिहिलं — रस्त्यावर बर्फाचा पातळ थर. बर्फ तर दरवर्षी असतो! तीस हिवाळे गाडी हाकली मी. बदललं होतं काय? टायर. मी खिळ्यांचे मागितले होते, बर्फात रुतून धरणारे. विल्बर्ट म्हणाला, 'तुझ्या ओझ्याला हे बरे. खडीवर फाटणार नाहीत, बर्फातही धरतात, वर्षातून दोनदा बदलायची कटकट नाही.' जाड ठोकळ्यांची नक्षी. दिसायला पैलवान. थंडीत दगड!

सख्ख्या बहिणीचा नवरा. त्याच्या गळ्यात मारले.

१३ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंग, सुगीचा सण; आमच्याकडे तो ऑक्टोबरातच येतो. विल्बर्ट टर्की घेऊन आला. मी गॅरेजमध्ये तांब्याचे पाइप लांबीप्रमाणे लावत बसलो. भिंतीपलीकडून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. हसतात कशी ही माणसं?

थोड्या वेळाने एल्सी ताट घेऊन आली. एका हातात काठी, एका हातात ताट! मीच धावलो.

'आत ये.'

'तो आहे तोवर नाही.'

'माझा भाऊ आहे तो, आर्वो.'

'म्हणूनच तर!'

ताट बाकावर ठेवून गेली. बटाटे गार झाले तरी खाल्ले. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू.

१७ ऑक्टोबर

शहरात गेलो. सत्तर किलोमीटर. विल्बर्टचं दुकान घरापासून चार किलोमीटरवर आहे, त्याच्या दारावरूनच जावं लागतं. मान वळवली नाही.

शहरातल्या दुकानात लॉरेटा नावाची बाई. साठीची, हाताला काळं, केस टोपीत कोंबलेले. 'हिवाळ्याचे टायर,' म्हटलं. तिने टायर नाही दाखवले, प्रश्नच विचारले.

'हौद्यात काय असतं?'

'वाफेचं मशीन, पाइप, हत्यारं. साडेचारशे किलो तरी, रोज.'

'रस्ता?'

'अर्धा डांबरी, अर्धा खडीचा. लोकांच्या वाटा तर कुणी साफही करत नाही.'

'मग मऊ रबराचे विसर. बर्फाला चिकटतात छान, पण तुझ्या ओझ्याखाली दोन हिवाळ्यांत संपतील. आणि खडी त्यांच्या बाजू कापेल.' तिने बोटांवर मोजलं. 'रुंद घेऊ नकोस. दिसतात झकास, पण ताज्या बर्फावर तरंगतात. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो. बाजू दहा पदरी हव्यात. खिळे लावून देते, आपल्याकडे उत्तरेत कायद्याने चालतात. पण डांबरावर आवाज करतील, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक थोडा उशिरा लागेल. एकच टायर सगळं करत नाही, बाबा. काय सोडायचं ते तू ठरव.'

असं विल्बर्टने सांगितलं होतं? तो म्हणाला, 'हे सगळं करतात.' म्हणजे, असंच काहीसं म्हणाला.

ती बाहेर येऊन माझ्या गाडीभोवती फिरली. उजवं दार बदललेलं, रंग जुळत नाही, तिथे थांबली. विचारलं नाही. मग खाली बसून जुन्या टायरांच्या नक्षीत बोट घातलं.

'हे का काढतोयस?'

'दगड आहेत ते.'

'कोण म्हणालं? डोंगर आणि हिमकणाची खूण आहे यांच्यावर, म्हणजे बर्फासाठी तपासलेले. नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक. खिळ्यांची सर नाही, पण दगड? एक हिवाळा आरामात जाईल.'

'तुला टायर विकायचे आहेत की नाही?'

ती हसली. 'विकायचे आहेत. खोटं बोलून नाही.'

मागवले. दोन आठवडे लागतील. सगळे टायरवाले एकमेकांचे भाऊच!

२५ ऑक्टोबर

शनिवार. सॉना तापवली, वाफेच्या त्या खोलीत एकटाच बसलो. दगडांवर पाणी विल्बर्ट टाकायचा, नेहमी गरजेपेक्षा जास्त. आता हवं तेवढंच टाकतो. लवकर बाहेर आलो.

१ नोव्हेंबर

बर्फ! वीत-दीड वीत. आणि नवे टायर अजून वाटेतच. ट्रेसी रस्त्यावरच्या घरातून फोन — पंप बंद, घरात तान्हं मूल. न जाऊन सांगतोस कुणाला? जुन्याच टायरांवर निघालो. हात स्टिअरिंगवर असे आवळलेले की बोटं दुखायला लागली. प्रत्येक वळणाला वाटे, आता. आता.

काही झालं नाही. चढावर चढली, उतारावर थांबली. वाटेत मुद्दाम मोकळ्या जागी ब्रेक दाबून पाहिला. थोडी सरकली, धरली.

घरी येऊन टायरला लाथ मारली. तेव्हा का नाही धरलंत, हरामखोरांनो?

६ नोव्हेंबर

बसवले! चारही. स्टेपनीसुद्धा तशीच घेतली. लॉरेटा म्हणाली, 'शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळ. पहिले थोडे दिवस जोरात ब्रेक नको, खिळे बसू देत.' डांबरावर कडकड आवाज येतो, जणू गाडी दाणे भाजत चालली आहे. मला आवडला तो आवाज.

अंगणात गाडी लावून एल्सीला हाक मारली. 'चल, चक्कर मारू. गाडी आता भिंतीवरसुद्धा चढेल!'

ती पायरीपर्यंत आली. टायरांकडे पाहिलं. 'छान आहेत.'

'बस ना.'

'नको.'

'अगं खिळ्यांचे आहेत! चारही!'

'टायरांचा प्रश्न नाही, आर्वो.'

आत गेली. दहा महिने माझ्या गाडीत बसलेली नाही. मी इंजिन चालू ठेवून तिथेच उभा. शेजारचं कुत्रं येऊन चाकाचा वास घेऊन गेलं.

११ नोव्हेंबर

एल्सीला व्यायामाच्या बाईकडे आठवड्यातून दोनदा जावं लागतं. कोण नेतं? विल्बर्ट. त्याच्या पिकअपमध्ये बसते, पट्टा लावते, खिडकीतून मला हातही करते. आज त्याची गाडी वळताना नीट पाहिलं.

तेच टायर! तेच ठोकळे, तीच नक्षी. ज्यांनी तिला मोडलं त्यांच्यावर बसून ती दुरुस्त व्हायला जाते. आणि माझ्या खिळ्यांवर नाही.

संध्याकाळी विचारलं. 'त्याची भीती वाटत नाही?'

'नाही.'

'माझी वाटते?'

'बटाटे सोलून दे,' म्हणाली.

१२ नोव्हेंबर

सकाळी लवकर कामावर गेलो. परतलो तेव्हा ती झोपली होती, बटाट्यांची भांडी धुतलेली नाही.

२२ नोव्हेंबर

गावच्या सभागृहात शनिवारची कॉफी. मी जात नसतो हल्ली, पण पाण्याचा हीटर बघायला बोलावलं होतं. तर विल्बर्ट टेबलापाशी, पाच-सहा जणांना टायर समजावत बसलेला. कुणाला तरी म्हणाला, 'तुझ्या कामाला हेच बरे, खडीवर फाटणार नाहीत.' अगदी तेच शब्द! तोच सूर!

माझं डोकं फिरलं. पाना हातात तसाच. सगळ्यांसमोर म्हणालो, 'याच्याकडून घ्या हां, अवश्य घ्या! आणि मग बायकोच्या खुब्यात दांडा कुठे बसवतात तेही यालाच विचारा. स्वतःच्या बहिणीला पांगळं केलं याने. तुम्हाला काय सोडणार आहे?'

एक-दोघांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

विल्बर्ट उठला. हातातला कागदी पेला त्याने काळजीपूर्वक टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता भांडेल. भांडायलाच हवं होतं त्याने. माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, 'हो. माझी चूक झाली.' कोट घेतला आणि गेला.

मान्य केलं! चारचौघांत! दहा महिने याचीच तर वाट पाहत होतो. मग हीटर जोडताना एक नट दोनदा खाली का पडला?

२४ नोव्हेंबर

एल्सीच्या कानावर गेलं. 'काय म्हणालास तू त्याला?' सांगितलं. शब्दन्‌शब्द. तिने जेवणाची भांडी न धुता तशीच ठेवली. असं तिने लग्नानंतर कधी केलेलं नाही.

३ डिसेंबर

उणे बावीस. पाच घरांचे पाइप. टायर उत्तम चालले. लिहायला दुसरं काही नाही.

६ डिसेंबर

पोस्टात गेलो तर खिडकीतली बाई म्हणाली, 'पाहिलंस? विल्बर्ट बंद करतोय.' गाडी वळवून पाहून आलो. दारावर पाटी आहे, हाताने लिहिलेली. महिनाअखेर बंद. बत्तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांचे आभार. आत दिवा होता. तो शिडीवर चढून मांडणीवरचे टायर एकेक खाली उतरवत होता. एकटाच. लोक म्हणे आता सगळे शहरात जातात, सभागृहातल्या त्या दिवसापासून.

मला बरं वाटलं. खरं सांगतो, वाटलं. घराच्या फाटकापर्यंत टिकलं.

एल्सीला म्हटलं, 'बंद करतोय तो. न्याय झाला.'

ती विणत होती. सुया मांडीवर ठेवल्या. 'न्याय,' एवढंच म्हणाली. उठून खोलीत गेली. दाराला कडी लावल्याचा आवाज आला.

७ डिसेंबर

सकाळी एल्सी बोलली. टेबलापाशी, समोर बसून, दोन्ही हात काठीवर.

'तू झोपला होतास, आर्वो. हनुवटी छातीला टेकली होती. दोनदा हाक मारली मी. समोरून लाकडांचा ट्रक येत होता. स्टिअरिंग मी ओढलं, माझ्या बाजूला.'

पोलिसांना तिने बर्फ सांगितला. माझा परवाना जाऊ नये म्हणून.

विचारलं, 'विल्बर्टला माहीत आहे?'

'दवाखान्यातच सांगितलं होतं त्याला. तो म्हणाला, दोष जाऊ दे टायरांवर. मला पेलेल. आर्वोला नाही पेलणार.'