"मी अता?"

लोद, इस्रायल, मंगळवार संध्याकाळ, १९७४

फार थकलोय, तरी लिहून ठेवतो. सकाळी इस्पितळात विजेचा आणखी एक झटका दिला. गोळ्यांनी उदासी हटेना, म्हणून महिनाभर हे चाललंय. जाग आली तेव्हा नर्स वाकून विचारत होती, "मी अता?" हिब्रूत याचा अर्थ, तू कोण? मला ते मराठीच वाटलं. मी आता... आता काय? बाई वाक्य पुरं करील म्हणून वाट पाहिली. शेवटी म्हटलं, "बोला ना बाई, तुम्ही आता काय?"

तिने डॉक्टरला सांगितलं, याला स्वतःचं नाव ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाला, स्मरण जातंय, झटके बंद करू या.

मी आता! घरी बायकोला सांगितलं, तर रिबका पोट धरून हसली. "अहो, जन्मभर आपल्या मराठी मासिकाचे संपादक म्हणून लोकांची वाक्यं पुरी केलीत, तिचं एक करवलं नाही?" मग म्हणाली, "उद्या मीच सांगते डॉक्टरला. नवरा शुद्धीत आहे, फक्त मराठीत आहे."

तिला एक सांगितलं नाही. प्रश्न हिब्रू आहे हे उमगल्यावरही माझं नाव मला आठवेना. बराच वेळ आठवेना. सांगावं का? सांगितलं तर तीही झटके बंद करा म्हणेल. नाव काय, कोणीही सांगेल. पण आज दुपारी बिरडं खाताना मी "आणखी वाढ" म्हणालो, तेव्हा ती डाव हातात धरून तशीच उभी राहिली. कित्येक महिन्यांत मी काही मागितलंच नव्हतं.