विषय : प्रतीक्षा

रविवार, आठ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघे धरलेत, म्हणून सध्या सहाच अंगांवर भागवून घे.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला अजून मुक्कामाला आहे. वाचनालयातल्या शनिवारच्या चर्चाही चालू आहेत. विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई येऊन आपल्यासारख्यांना विचार करायला लावतात आणि आपण बिस्किटं संपवतो, हा व्यवहार सुरळीत आहे. पुरवणीकाका अजून "प्रश्न नाही, थोडी भर घालतो" म्हणून उठतात आणि बाईंपेक्षा जास्त बोलून बसतात.

बाई दर वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीवरल्या पिशवीकडे बघतात. "कोणी येणार आहे का?"

"येईल," मी म्हणते. पाच शनिवार झाले. काल एक गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते, तरी मी पिशवी हलवली नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं. पण लेखणी माझ्या जिभेचीच बहीण.

नोटिशीत विषय होता 'प्रतीक'. तू चष्म्याविना तो 'प्रतीक्षा' वाचलास. आठवडाभर शिलाई मशीन बाजूला सारून टिपण केलंस आणि आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत बोलायला उभी राहिलीस. दोन वाक्यं झाली असतील. मी म्हणाले, "ताई, प्रतीक गं. प्रतीक्षा बसस्टॉपवर करतात." सगळे हसले. माझा विनोद वाया जात नाही, हाच माझा रोग. तू कागदाची घडी केलीस, "हो का, चुकलंच माझं," म्हणालीस आणि चहाच्या आधी निघून गेलीस.

कागद खुर्चीखाली पडला होता. तो माझ्याकडे आहे. मापांच्या वहीचं पान. एका बाजूला कुणाची तरी बाही, दुसऱ्या बाजूला मी. मी शिकायला लांब होते, तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळच्या बसची वाट बघत तू स्टँडवर बसायचीस, हे मला कुठे ठाऊक होतं? मी "येते" म्हणून कळवायचे आणि मैत्रिणींकडे राहायचे. तू घरी सांगायचीस, तिचा अभ्यास आहे.

आणि मला विनोदाला नेमका बसस्टॉपच सापडला.

तू लिहिलंयस, "वाट बघणारा रिकामा बसलाय असं लोकांना वाटतं. मी तेवढ्यात सहा काजं करायचे." ताई, मी पंचवीस वर्षं विनोदी सदर लिहितेय. असलं एक वाक्य माझ्या हातून उतरलेलं नाही. मला काजंही येत नाहीत. मी पिशवीचा बंद ओढत बसते; एक बाजू उसवलीच शेवटी.

पुढच्या शनिवारी शेवटची चर्चा. बाई म्हणाल्या, विषय तुम्हीच सुचवा. मी 'प्रतीक्षा' म्हटलं. पुरवणीकाकांनी अनुमोदन दिलं, तेही भर न घालता. यावरून प्रसंग ओळख. "बोलणार कोण?" बाईंनी विचारलं.

"येईल," मी म्हणाले.

कागद टपालाने पाठवत नाही. न्यायला यावं लागेल. आणि जाताना तू जे म्हणालीस ना, "चुकलंच माझं", ते वाक्य माझं होतं. चुकून तू उचललंस. तेवढं परत दे.

साडेचारला सुरू होतं. चष्मा विसरलीस तरी चालेल.

तुझी जागा धरून बसलेली,
धाकटी