चिकटवलेलं पाकीट

सेलू, रविवार

प्रिय सिद्धोधनदादा,

जय भीम. हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून सरळ विचारते. माझी कादंबरी तू खरंच प्रकाशकांकडे दिलीस का?

पोस्टावर माझा भरवसा नव्हता आणि तू दिवाळी करून पुण्याला परत निघाला होतास, म्हणून पाकीट नीट चिकटवून तुझ्या हाती दिलं. आता उन्हाळा लागला, तरी तिकडून एक ओळ नाही. फोनवर विचारलं तर तू चिडलास, "दिलं म्हणलं ना! किती बार विचारायलीस?"

आणि परवा वहिनी हसत म्हणाल्या, "ताई, तुमच्या कादंबरीतली भावजय लय खादाड हाय म्हणं!"

म्हणजे पाकीट तू फोडलंस. त्यातला थोरला भाऊ आईला गावी एकटं सोडून जातो, तेही वाचलं असशील. तेव्हापासून मला वाटतं, की ते बाड तुझ्याच कपाटात पडून आहे.

पण फोडलं म्हणजे पोचवलं नाही, असं होत नाही, हे मलाही कळतं. प्रकाशकांचा नंबर माझ्याकडे आहे. एका फोनमध्ये उलगडा होईल. रोज नंबर काढते आणि मोबाइल बाजूला ठेवते. कादंबरी केव्हाच मिळाली, असं ते म्हणाले तर तू सुटशील. मग त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी काय लावू?

तोवर तुझ्यावरच संशय घेते, दादा. रागावू नकोस.

तुझी धाकटी,
संघमित्रा