वासरू आडवं आलं

८ मे, सोमवार

गाडी ओढ्यात! माझी गाडी — आणि मी तेव्हा घरात घोरत पडलेलो.

जेवणं झाल्यावर लेक, जावई आणि ही दूध-भाजी आणायला गावात निघाली. मी चपला घालायला लागलो, तर तिघं एका सुरात म्हणाली, तुम्ही पडा जरा, सुट्टी आहे. पडलो. उठलो तर तिघं शेतातल्या वाटेने चालत येताना दिसली. लेकीच्या पायांना चिखल. ही खांदा धरून. जावई सगळ्यांत मागे, मान खाली.

पुलाच्या आधीच्या वळणावर गाडी रस्ता सोडून ओढ्यात उतरली म्हणे. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. कोणाला काही झालं नाही, हिचा खांदा तेवढा दुखतोय.

"मी चालवत होतो, बाबा," जावई म्हणाला. "वासरू आडवं आलं."

वासरू! सगळी नोकरी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेली माझी. ज्याला त्याला वासरू आडवं येतं. एवढी वासरं खरंच असती तर दूध फुकट वाटावं लागलं असतं.

वर ही लगेच म्हणाली, "हो, तांबूस होतं." मी रंग विचारलाच नव्हता.

९ मे, मंगळवार

सकाळी ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली. त्याआधी मी वळणावर एकटाच जाऊन आलो. कडेची माती ओली होती. चाकांचे ठसे स्वच्छ. खुराचा एकही नाही. आणि ब्रेकची खूण नाही! जनावर आडवं आलं की हात नंतर, आधी पाय जातो. इथे पाय गेलेलाच नाही.

मग गाडी ओढताना स्टेअरिंग धरायला म्हणून मी आत बसलो. बसलो कसला, अडकलो. गुडघे थेट स्टेअरिंगला. सीट पार पुढे ओढलेली. जावई आहे ताडमाड, लेकही त्याच्या कानापर्यंत येते. त्या सीटवर यांतलं कोणी मावायचं नाही. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, कोणी सीट हलवली का? तो म्हणाला, दार तुम्हीच उघडलंत पहिल्यांदा.

कुठेतरी पाणी मुरतंय. मी काही बोललो नाही. आपण गप्प बसलो की समोरचा बोलायला लागतो, हा माझा नोकरीभरचा अनुभव. पण हे तिघंही गप्प!

गॅरेजवाला म्हणतो, रेडिएटर फुटलाय, शनिवारपर्यंत देतो. म्हणजे तोवर इथेच अडकलो. दूध आणायचं तर चालत.

१० मे, बुधवार

संशय घरमालकिणीवर. सुट्टीपुरतं भाड्याने घेतलेलं हे घर तिचं. शेजारच्याच घरात राहते. बुटकी आहे, स्वतःची जीप हाकते. यांनी तिला गाडी फिरवायला दिली असेल आणि आता भिडेखातर झाकताहेत. दूध आणायला निघालो तेव्हा ती दारात होती, सहज म्हणून विषय काढला. ती हसायलाच लागली. म्हणाली, मला माझी जीप नकोशी झालीये, तुमची कुठे घेऊ. मग हळूच म्हणाली, "वहिनींना सांगा, मनाला लावून घेऊ नका. नवीन असताना सगळ्यांचंच होतं."

नवीन असताना? काय नवीन?

घरी आलो तर लेक आणि ही ओट्यापाशी कुजबुजत होत्या. मला बघून लेकीने एकदम बटाट्यांचा विषय काढला. बटाटे संपले होते.

११ मे, गुरुवार

ही केस विंचरत होती तेव्हा दिसला — खांद्यावर सीटबेल्टचा काळानिळा वळ. ड्रायव्हरच्या बाजूच्या खांद्यावर! पण हिला तर गाडी येत नाही.

१२ मे, शुक्रवार

न्याहारीला सगळी बसली असताना विचारून टाकलं. सीट पुढे कोणी ओढली?

जावई ताटलीतल्या अंड्याकडे बघत राहिला. लेक म्हणाली, बाबा, जाऊ दे ना, कशाला सुट्टीत. हिने कप खाली ठेवला.

"मी ओढली. गाडी मी चालवत होते."

मग सगळं बाहेर आलं. हिवाळ्यापासून शिकते आहे. आठवड्यातून दोनदा शिवणाच्या क्लासला जायची, तो क्लास म्हणजे ड्रायव्हिंगचा! एक साधी उशीची खोळ घरात शिवून आली नाही, आणि मला, ज्याने लोकांच्या थापा पकडून पोट भरलं त्याला, पत्ता नाही. लायसनसुद्धा निघालंय. सोमवारी जावई शेजारी बसला होता. वळण हिला उशिरा कळलं, घाबरून ब्रेकवर पायच पडला नाही. वासराची कल्पना हिचीच. जावयाने फक्त अंगावर घेतलं.

मला राग गाडीचा नव्हता. मी विचारलं, चोरून का? मी नको म्हटलं असतं का?

"नको म्हटलं नसतंत. कशाला शिकतेस, असं विचारलं असतंत," ती म्हणाली. "मग सांगावं लागलं असतं."

"काय सांगावं लागलं असतं?"

"तुमच्या शेजारी बसायची भीती वाटते मला."

लेक रडत होती. मी उठून बाहेर आलो. ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

१३ मे, शनिवार

कट आहे हा. मला म्हातारा ठरवून गाडी काढून घ्यायची आहे, दुसरं काय!

लेक दुपारी येऊन बसली. सांगत होती — सिग्नलपाशी सायकलवाला पडता पडता वाचला. शाळेसमोर एक बाई मूल ओढून मागे सरली. आपल्याच फाटकाचा खांब घासला. "दर वेळी तू म्हणतोस, कुठून उगवला कळलंच नाही. बाबा, तुला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डोळे दाखवून घे."

मी पेपरातली बारीक अक्षरं बिनचष्म्याने वाचून दाखवली. फाडफाड. ती उठून गेली.

आता सगळे मला गोड बोलताहेत. त्याचा जास्त संशय येतो.

संध्याकाळी गाडी आली. जावयाच्या हातून किल्ली घेतली आणि खिशात टाकली. उद्या मीच चालवणार. बघू कोण बसत नाही ते.

१४ मे, रविवार

निघायच्या आधी अंगणात खुर्ची टाकून बसलो. समोरच्या विजेच्या खांबावर नजर ठेवली. त्याच्या अलीकडे, जरा डावीकडे, घरमालकीण कपडे वाळत घालत होती. कोणी बघत नाही असं पाहून उजवा डोळा हाताने झाकला. खांब दिसत होता. बाई नव्हती. हात काढला — होती. पुन्हा झाकला. नव्हती.

हिला हाक मारली. किल्ली दिली.